फ्लेक्सवरचे १५४

मंगळवार, संध्याकाळ. लातूर, रूमवर.

भरती परीक्षेचा निकाल लागला. उत्तरतालिकेवरून मी तीनदा मोजलेले माझे १५४ गुण यादीत १४७ झालेत. कटऑफ १४९. आमच्या सकाळच्या शिफ्टचा पेपर सोपा होता, सगळ्यांनाच भरपूर पडले, म्हणून सगळ्यांचे खाली आणले. रूममेट साजिदचा दुपारचा पेपर अवघड. त्याच्या १४३ चे १५० झाले. त्याच्यावर राग नाही. पण शिफ्ट काय मी निवडली होती?

आणि तो फ्लेक्स. मामांनी उत्तरतालिका आली त्याच आठवड्यात भोकरच्या चौकात लावला. माझा फोटो, खाली मोठ्ठे १५४. आकडा मीच सांगितला होता. नॉर्मलायझेशन, म्हणजे शिफ्टप्रमाणे गुण वर-खाली करणं, बाकी आहे, हे का नाही सांगितलं?

आत्ता फोन केला. "मामा, फ्लेक्स उतरवा. गुण कमी झाले."

"कमी कसे होतील रं? पेपर तर कवाच देऊन झालाय."

मला सांगताच येईना. शेवटी साजिदनं फोन घेऊन समजावलं.

मामा म्हणाले, "म्हंजी ह्याचं बरोबर धरलेलं उत्तर एकबी चुकीचं निघालं न्हाई? मग ऱ्हाऊ दे फ्लेक्स."

राहू दे म्हणे. उद्या पहिल्या एसटीनं जाऊन मीच फाडणार आहे.