गुणसूत्रावरची खूण आणि मी

तीर्थस्वरूप भाऊजी,

साष्टांग नमस्कार (गुडघा आखडलाय, तेव्हा यंदाचा कागदावरच मानून घ्या). तुमचा खोकला कसा आहे? ताई औषध वेळेवर देते ना? इकडे सगळं ठीक, किंबहुना ठीकच्या बरंच वर, म्हणून लिहायला बसलो.

तुम्ही विज्ञानाचे मास्तर, आणि मी बावीस वर्षं प्रयोगशाळेत काचा धुणारा नि पेशींना खाऊ घालणारा तुमचा मेव्हणा. हे तुम्ही चारचौघांत ज्या सुरात सांगता, तो सूर आता बदलावा लागेल. प्रयोगशाळा चालू ठेवायची की कुलूप लावायचं, हे ठरवणारी समिती परवा यायची होती आणि नेमका त्याच सकाळी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचा घसा बसला. आत गुळण्या चाललेल्या, दारात तीन माणसं उभी. मग मीच पांढरा कोट चढवला (उलटा, हे नंतर कळलं) आणि त्यांना तोंड उघडू न देता सुरुवात केली.

म्हटलं, एका पेशीच्या दोन होताना प्रत्येक गुणसूत्राला ओढायला दोरे लागतात. ते जिथे जोडले जातात त्या जागेला सेंट्रोमिअर म्हणायचं. पण ही जागा नुसती डीएनएची अक्षरं वाचून सापडत नाही. तिथे एक खास प्रथिन ठाण मांडून बसलेलं असतं, तीच खूण. फळ्यावर काढूनही दाखवलं (न पुसणाऱ्या पेनने, चित्र आता कायमचं).

तिघांतले ठेंगणे गृहस्थ म्हणाले, "एकाची दोन गुणसूत्रं झाली, की खूण कुणाकडे?"

भाऊजी, याच प्रश्नामागे मॅडमनी बारा वर्षं घालवलीत!

"दोघांकडे निम्मी निम्मी," मी म्हणालो.

"मग दर वेळी निम्मी होत संपेल की!"

"संपली असती. पण पेशी विभागली, की दुसरं एक प्रथिन खुणेच्या नव्या प्रथिनाला हाताला धरून आणतं आणि जुनं बसलंय तिथेच बसवतं. जागा भरते."

"आणि नाही आणलं तर?"

"दोरा लागत नाही, गुणसूत्र भरकटतं, पेशी वाया."

मग सूक्ष्मदर्शकाखाली माझ्या हातच्या पेशी दाखवल्या. गुणसूत्रांवर त्या खुणेचे हिरवे ठिपके, लखलखीत! तिघं आळीपाळीने बघतच राहिले. ठेंगण्या गृहस्थांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. डोळे भरून आले हो. काचा धुताना असं कधी झालं नव्हतं.

हे ताईला मोठ्याने वाचून दाखवा.

तुमचा (आता शास्त्रज्ञांत उठबस असलेला)
मेव्हणा

ता. क. ती माणसं थंड हवेचं यंत्र बसवायला आली होती. समितीचं येणं गुरुवारवर गेलंय.

आणखी ता. क. मॅडम दाराआडून सगळं ऐकत होत्या. आवाज अजून नाहीच. चिठ्ठीवर लिहून दिलंय, "गुरुवारीही तुम्हीच बोला. एक शब्द बदलू नका." बुधवारी या, सगळं एकदा घोटून घ्या. चुकलो तर कान धरा.