तिसरा सिलिंडर

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
मरोळ, गुरुवार

प्रिय तेजल,

काल त्या लाल गाडीचं सामान आलं. चार प्लग, पाच हजार दोनशे. एक कॉइल, चार हजार आठशे. पैसे माझ्या भिशीतले. का, ते पुढे येईलच. तू खेडला जाऊन बारा दिवस झाले. माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेली, चुकलंमाकलं सांभाळून घे.

तुला कोणी सांगितलं नसेल, पण बावीस वर्षांपूर्वी ह्यांनी गॅरेजसाठी गाळा घेतला तेव्हा तुझ्या जागी मी होते. हाताखाली माणूस नव्हता. मी पदर खोचून सीटवर बसायची आणि हे बॉनेटमध्ये डोकं घालून ओरडायचे, "दाब गं, अजून दाब!" मग विचारायचे, "कुठला प्लग चुकतोय, काय वाटतं?" मी आवाजावरून सांगायची. निम्म्या वेळा बरोबर यायचं. तू आलीस, लॅपटॉपची वायर जोडलीस आणि मिनिटात म्हणालीस, "काका, तिसरा सिलिंडर मिसफायर करतोय." हे असे हसले, की मी डबा ठेवला आणि निघाले. माझ्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

पवईच्या मुलाची ती लाल टर्बो गाडी आली, मग तर विचारूच नको. हळू चालवली की गरीब गाय, टर्बोचा जोर चढला की आचके. तू तिसऱ्या सिलिंडरची, प्लगला ठिणगी देणारी कॉइल पहिल्यावर लावून पाहिलीस, बिघाड तिच्याबरोबर जातो का म्हणून. नाही गेला. प्लग बदललास, ठिणगीची गॅप कमी केलीस. चार दिवस बरी, की मंगळवारनंतर पुन्हा तेच. इकडे हे जेवताना, "पोरीचा हात झकास आहे. माझा उजवा हात आहे ती." आमटीत मीठ नव्हतं, तेही कळलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड! जपाला बसले तरी मण्यामण्याला तूच.

मंगळवारी अभिषेकाचं पंचामृत आणून मी प्रत्येक गाडीवर शिंपडते, हे तू पाहिलंयस. त्या गाडीचं बॉनेट उघडं, इंजिनवरचं झाकण काढलेलं. ह्यांच्यामागचं विघ्न टळावं म्हणून तिला पळीभर जास्त. मग एकदा तू कॉइल उपसलीस तर प्लगच्या खड्ड्यात मुंग्या. वरचं रबर चिरलेलं, त्यातून पंचामृत उतरून प्लगच्या चिनी मातीवर वाळलेलं. ठिणगी तिथूनच पळत होती. तू बोटाला वास घेतलास, माझ्याकडे बघून हसलीस. "काकू, देवाला गाडी लांबूनच दाखवू या ना." ह्यांना एवढंच सांगितलंस, की रबर गेलंय. नवं येईपर्यंत पुसून, सुकवून गाडी तयार केलीस.

बुधवारी तो मुलगा मित्रांना घेऊन हायवेला गेला आणि गाडीने भर रस्त्यात आचके दिले. गाळ्यात येऊन काय काय बोलला! हे तुझ्यावर उखडले, "गाडी तयार आहे म्हणालीस ना? मग?" तू माझ्याकडे पाहिलंस, मान खाली घातलीस. "काका, कॉइल नीट बसली नसेल." हे म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. मी डबा हातात धरून उभी होते. तोंड उघडलं नाही.

तेजल, आधीचे दोन मंगळवार माझ्याकडून नकळत झालं, देवाशपथ. तिसऱ्याला मला सगळं ठाऊक होतं. त्या दिवशी मी पळी नेली नाही, वाटी नेली, आणि तू चहाला गेलीस ते बघून ओतली. काल ह्यांना सांगितलं. ताटावरून उठले. फक्त म्हणाले, "तिला तू कळव. परत ये म्हणावं." तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. तू परत आलीस की आधी तुझ्याशीच बोलतील, आणि लिहिताना तेही मला टोचतंय; खोटं कशाला लिहू? तरी ये. येतेस की नाही, उलट टपाली कळव. नाही म्हणायचं असेल तर पत्र माझ्या नावाने पाठव. ह्यांना मीच वाचून दाखवीन.

तुझी अपराधी,
सुगंधाकाकू