सात वीसची घंटा

६ जानेवारी, सोमवार. पहाटे ५.१०

नव्या वर्षाचा संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. आजपासून अंमल सुरू. (पाच दहा झालेत हे मला दिसतंय. अलार्मने पहिल्याच हाकेला नीट ओरडायला हवं होतं.) बाहेर नाकातले केस गोठतील अशी थंडी. मिनेसोटात जानेवारी असाच. अशा थंडीतच माणूस घडतो.

त्याच दिवशी, दुकानात

लेकीला, मॅरनला, वेळेत शाळेत सोडलं. जवळजवळ वेळेत. घंटा सात वीसची, आम्ही सात सव्वीसला. रोजनिशी आहे तर व्यवस्था एकदा लिहून ठेवतो. डेनीस इस्पितळात रात्रपाळीची नर्स, आठच्या सुमारास घरी येते. तिची आई, म्हणजे माझ्या माजी सासूबाई अर्डिस, नातीच्या सोबतीला असतात, पण मोतीबिंदू झाल्यापासून गाडी चालवत नाहीत. शाळेची बस सव्वासहालाच येते, त्या वेळी पोरीला अंधारात उभं करायला कुणाचंच मन होत नाही. म्हणून मी. गावाच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं, तिला घ्यायचं, शाळेत सोडायचं. घटस्फोटात डेनीसला घर मिळालं, कुत्रा मिळाला. मला सकाळचा हा गाडीतला प्रवास मिळाला. सौद्यात मी जिंकलो असं माझं स्पष्ट मत आहे.

आज मॅरनशी भरपूर गप्पा झाल्या. ती डोळे मिटून ऐकते. लक्ष एकाग्र करायची तिची पद्धत आहे.

९ जानेवारी

अघटित! शाळेकडून सगळ्या पालकांना पत्र. हायस्कूलची घंटा पुढच्या वर्षापासून आठ चाळीसला करायचा विचार आहे. म्हणे वाढत्या वयातल्या मुलांना सकाळी झोप लागते ती त्यांच्या शरीराची गरज असते. पालकांनी मत कळवावं.

कळवतो की! एक: आळस वाढेल. दोन: शाळा उशिरा सुटली की हॉकीचा सराव अंधारात. तीन: जग कुणासाठी थांबत नाही. चार: आठ वाजता डेनीस घरी आलेली असते, मॅरनला ती सोडू शकेल.

चौथा मुद्दा नुसता नोंद म्हणून लिहिला आहे. विरोध तत्त्वाचा आहे.

१४ जानेवारी

गाडीतल्या गप्पांना शिस्त हवी. आठवड्याचा बेत केला. सोमवार: माझं लहानपण. मंगळवार: विज्ञान. बुधवार: तिचे प्रश्न. गुरुवार: माझी उत्तरं. शुक्रवार मोकळा.

आज मंगळवार. विज्ञानात तळं गोठतं तेव्हा मासे खाली काय करतात हे सांगितलं. पेट्रोल पंपाच्या पुढे तिचं तोंड उघडं पडलं. वळणावर ब्रेक लावला तेव्हा म्हणाली, हं. मी विचारलं, मग मासे काय करत असतील? म्हणाली, झोपत असतील डॅड.

उत्तर बरोबर होतं. पोरगी हुशार आहे.

२० जानेवारी

शाळेला सुटी. साडेनऊला उठलो. संकल्पात सुट्या धरलेल्या नाहीत, आता धरल्या.

२५ जानेवारी, शनिवार

'लवकर उठणारे पालक' समितीची स्थापना. अध्यक्ष मी. पहिली सभा सकाळी सातला, आमच्या गाद्यांच्या दुकानात. मुद्दाम सातला ठेवली, संदेश जावा म्हणून.

मी सात पंचवीसला पोचलो. बर्फात चौघं उभी होती. त्यातली दोघं मला पाहून गाडीत बसून निघून गेली. त्यांची निष्ठा कच्ची होती, बरं झालं आधीच कळलं. उरले दोन सभासद. हॉकीच्या गोलकीपरची आई, आणि एक गायीवाला शेतकरी. त्याचं म्हणणं एवढंच, गायी उठतात तर पोरांना काय धाड भरलीय? मी हे वाक्य लिहून घेतलं. सभेत मग तो नमुन्याच्या गादीवर टेकला आणि घोरायला लागला. वयस्कर माणूस आहे. पहाटे तीनला उठतो बिचारा.

६ फेब्रुवारी

आज दुकानात मोठी विक्री. एक बाई सोळा वर्षांच्या मुलासाठी गादी बघायला आल्या होत्या. साध्या गादीवर समाधान मानत होत्या. मी माझं नेहमीचं सुरू केलं. बाई, या वयात पोराला नऊ तास झोप हवीच. मेंदू झोपेतच वाढतो. सकाळी त्याला लवकर उठवणं म्हणजे अर्धा भाजलेला पॅनकेक तव्यावरून काढणं. बाईंचे डोळे पाणावले. सर्वांत महाग गादी घेतली, वर दोन उशा.

पावतीवर नाव मिसेस टॉलफसन. कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं.

१३ फेब्रुवारी

आठवडाभर पाचला उठलो. म्हणजे मनाने पाचला उठतो, शरीर पावणेसहाला येऊन मिळतं. हे मोजमाप जास्त प्रामाणिक आहे.

अर्डिसबाई आज गाऊनवर कोट घालून दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, कर्ट, तुझ्या त्या समितीचं ऐकलं हो मी. लग्नाच्या बारा वर्षांत नऊच्या आधी तुझे डोळे उघडलेले मी पाहिले नाहीत. रविवारी चर्चला तुला गादीसकट उचलून न्यायचं तेवढं बाकी होतं. मी म्हटलं, माणूस बदलतो, आई. त्या म्हणाल्या, बदलतो तर शर्ट उलटा का घातलायस?

शर्ट खरंच उलटा होता. अंधारात आवरणाऱ्यांना हे धोके पत्करावेच लागतात.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ

आज शाळा मंडळाची खुली सभा. प्रत्येक पालकाला माइकवर तीन मिनिटं. मी भाषण आरशासमोर बसवलं होतं, सुरुवात गायींपासून.

माइकसमोर उभा राहिलो आणि पाहतो तो मधल्या खुर्चीत मिसेस टॉलफसन. मंडळाच्या अध्यक्षा! मी शिस्तीवर आलो, जगावर आलो, आणि म्हणालो की नऊ तास झोपेचं हे खूळ कुणी काढलं कोण जाणे. बाई चष्मा काढून म्हणाल्या, मिस्टर हालव्हर्सन, तुम्हीच काढलंत. सहा तारखेला. मी गादी घेतली त्यावर.

सभागृह बराच वेळ हसलं. माझ्या तीन मिनिटांतून हा वेळ वजा करायला हवा होता, केला नाही. पण लोक हसले म्हणजे लोक माझ्या बाजूने आले. वक्तृत्वाचा हा साधा नियम आहे.

नंतर मुलांची पाळी आली. मला न सांगता मॅरन उभी राहिली. माझी मॅरन, तिकडच्या बाजूने! म्हणाली, पहिल्या दोन तासांत आम्हाला काय शिकवतात ते मला माहीत नाही, खरंच माहीत नाही. आणि सकाळी घरच्या माणसांशी मी एक धड वाक्य बोलू शकत नाही, त्याचं मला वाईट वाटतं.

तिला कुणीतरी पढवलंय. मला लागलं. कुठे लागलं ते लिहीत नाही.

३ मार्च

नवं धोरण: प्रेमाने जिंकणे. थर्मासमधून गरम कोको नेला. वळणावर तो तिच्या भूगोलाच्या नकाशावर सांडला. ती रागावली नाही, नुसती पुसत राहिली. म्हणाली, डॅड, तुझे डोळे लाल झालेत. तू नीट झोपतोस का? मी म्हटलं, मला झोपेची गरज नाही, मी शिस्तीवर चालतो.

त्यावर ती शाळा येईपर्यंत माझ्याकडे बघत होती. संवाद वाढतोय.

१० मार्च, सोमवार

काल घड्याळं एक तास पुढे केली. दर मार्चमध्ये सरकार आपला एक तास उचलून नेतं, कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणजे आजचे पाच हे खरे चार.

शाळेच्या वळणावर उगवता सूर्य थेट डोळ्यांवर आला आणि गाडी हळूच बर्फाच्या ढिगावर चढून शाळेच्या नावाच्या फलकाला टेकली. टेकली म्हणजे फलक आडवा झाला.

मॅरन दचकून जागी झाली. म्हणाली, डॅड, सूर्य अजून उगवलाच नाहीये.

तिला काही लागलं नाही. खात्री केली, दोनदा केली. मी हात स्टिअरिंगवरून काढलाच नाही. तिने तिचा हात त्यावर ठेवला. मी फार घाबरलो होतो. एवढं एक वाक्य या वहीत खरं असू दे.

१२ मार्च

परवा संध्याकाळी डेनीसचा फोन आला. ओरडेल वाटलं होतं, ओरडली नाही. म्हणाली, सोमवारी मंडळाचं मतदान आहे ना? ते होऊ दे, मग मॅरनचं काय ते ठरवू. तोवर आई गाडीत तुझ्या शेजारी बसेल.

मंडळाच्या निर्णयाला डेनीसही एवढं मानते हे पाहून बरं वाटलं.

अर्डिसबाई दोन दिवस पुढच्या सीटवर आहेत. मॅरन मागे झोपते. माझ्या पापण्या जरा खाली आल्या की बाई दंडाला चिमटा काढतात. म्हणतात, जागा राहा रे, अजून मला नातीचं लग्न बघायचंय. मधल्या वेळात माझ्या चुका तारखेनिशी सांगतात. मंगळवारचं विज्ञान रद्द करावं लागलं.

१७ मार्च, संध्याकाळ

विजय! चार विरुद्ध तीन. घंटा सात वीसलाच राहणार! मिसेस टॉलफसन म्हणाल्या की बसचे ड्रायव्हर मिळत नाहीत, वेळ बदलली तर बसचं जमणार नाही, त्यांचा नाइलाज आहे. लोकांपुढे असं काहीतरी सांगावं लागतं. माझं भाषण त्यांच्या मनात कुठेतरी रुजलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

समितीच्या दोन्ही सभासदांना फोन केला. शेतकरी झोपला होता. मॅरनला मेसेज टाकला: आपण जिंकलो, आपली सकाळ वाचली! उत्तर आलं: ओके.

एकच शब्द, पण ठाम.

१८ मार्च, मंगळवार

आज दारात वेळेआधी हजर. दाढी केलेली, शर्ट सुलटा.

अर्डिसबाई कोट न घालताच बाहेर आल्या. म्हटलं, आई, बसा पुढे, आज विज्ञान आहे. त्या म्हणाल्या, कर्ट, मी येत नाही आणि मॅरनही येत नाही. समोरच्या घरातल्या मिस ड्वोराक शाळेत गणित शिकवतात, रोज याच वेळी निघतात. आजपासून पोरगी त्यांच्या गाडीतून जाईल. डेनीसने ठरवलंय. एवढ्या पहाटे तू गाडी हाकणं बरं नाही बाबा, तूही आमचाच आहेस.

मी म्हटलं, पण मी जिंकलोय! बाई म्हणाल्या, हो, म्हणूनच.

मॅरन दप्तर घेऊन आली. डोळे अर्धवट उघडे. माझ्या कोटाचं बटण लावत म्हणाली, डॅड, आठ चाळीस झालं असतं ना, तर तूच मला सोडणार होतास. मी ममकडून कबूल करून घेतलं होतं. ती म्हणाली होती, मी रात्रभर उभी राहून येते, मला झोपू दे, उजेडात तुझा बाप ठीक चालवतो.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगणार होते, पण सकाळी मला बोलताच येत नाही ना. त्यासाठीच तर माइकवर गेले होते. मी जागी राहिले असते, डॅड. वाटेत कुठेतरी पॅनकेक खाल्ले असते. तू रोज एवढं काय बोलतोस ते मला एकदा ऐकायचं होतं.

मिस ड्वोराकनी हॉर्न दिला. कोपऱ्यावर पोचायच्या आत मॅरनचं डोकं काचेला टेकलं होतं.

अर्डिसबाई म्हणाल्या, आत ये, कॉफी घे. मी म्हटलं, नको, दुकान उघडायचंय. दुकान दहाला उघडतं हे त्यांना माहीत आहे. त्या दार न लावता उभ्या राहिल्या. मी गेलो नाही. गेलो असतो तर त्यांच्यासमोर रडलो असतो.

त्याच दिवशी, दुकानात

अजून वेळ गेलेली नाही. मंडळाच्या कचेरीत फोन लावला. 'लवकर उठणारे पालक' समितीच्या अध्यक्षाने सर्व बाजूंचा फेरविचार केला असून घंटा आठ चाळीसलाच करावी अशी समितीची कळकळीची मागणी आहे, असं सांगितलं. कारण विचारलं तर मुलांचं आरोग्य म्हटलं. फोनवरच्या बाई भल्या होत्या. हसल्या नाहीत. म्हणाल्या, एकदा मतदान झालं की तोच विषय तीन वर्षं पुन्हा घेता येत नाही, मिस्टर हालव्हर्सन. तीन वर्षांनी जरूर या.

तीन वर्षांनी मॅरन कॉलेजात असेल. तिथले वर्ग म्हणे दहाला सुरू होतात.