बाथरूममधली सोनेरी शेड

३ तारीख, सोमवार. सकाळी ७.
बायको बहिणीकडे गेली त्याला आज अकरा दिवस. जाताना म्हणाली, एकोणीस वर्षांत तुझ्यात तसूभर फरक नाही. फरक हवाय ना? देतो! २३ला, रविवारी, शिलाई मशीन न्यायला येणार आहे. तोवर केस सोनेरी. घरच्या घरी, नॅचरल. लिंबू, मध, ऊन. रंगाच्या दुकानात बावीस वर्षं शेड मिसळणाऱ्याला स्वतःचं डोकं जमणार नाही?

४ तारीख.
पाच लिंबं पिळली. गच्चीत तासभर ऊन घ्यायचं होतं. पहिल्याच मिनिटाला रस डोळ्यात. पुढचं काही दिसलं नाही.

६ तारीख.
मध. मुंग्या. मध बंद. तसाही तो ऑप्शनलच होता.

९ तारीख, रविवार.
दुकानातलं शेड कार्ड घरी आणलं. बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली कानशिलाला लावून पाहिलं. सरळसरळ 'हनी बेज'! पाच दिवसांत! मेहुणीला फोन केला, म्हटलं बहिणीला दे. म्हणाली, आंघोळीला गेलीय. दुपारी पुन्हा केला. अजून आंघोळच.

१२ तारीख.
मालकांनी विचारलं, काउंटरला लिंबाचा वास कसला येतोय. शिवाय एक गिऱ्हाईक डबा घेऊन भांडायला आलं. घरी बल्बखाली शेड पसंत केली, भिंतीवर भलतीच दिसतेय म्हणे. चांगलं झापलं. शेड कधी पिवळ्या दिव्यात बघू नये, दारात न्यावी, दिवसाच्या उजेडात. एवढी साधी अक्कल नसते लोकांना.

१५ तारीख.
टाळूची सालं निघतायत. जुनं जातंय, म्हणजे चांगलंच. गच्चीत शेजारच्या काकूंनी उवांचं औषध देऊ केलं. घेतलं नाही. म्हणजे घेतलं, वापरणार नाही.

१९ तारीख. संध्याकाळी.
न्हाव्याकडे गेलो, फक्त कडा नीट करायला. त्याने हळूच विचारलं, घरी सगळं ठीक ना? एवढ्यात फार पिकलेत म्हणाला. याला शेडमधलं काय कळतं, डोंबल! तडक उठून आलो. डावी बाजू कापायची राहिली.

२२ तारीख.
लादी पुसली. मशीनला तेल दिलं, आता इथेच चालवेल. ती म्हणणार, अगंबाई, हे काय! मी म्हणणार, कुठे काय. दोनदा आरशात म्हणून पाहिलं. भीती वाटतेय, खोटं कशाला लिहू.

२३ तारीख, रविवार. दुपारी १२.
आली. आत नाही आली, दारातच उभी. म्हणाली, जरा इकडे ये, उजेडात. गेलो. बघतच राहिली. म्हटलं, जिंकलो. मग म्हणाली, महिन्याभरात केस किती पिकले रे तुझे. वेळेवर जेवतोस ना? डोळे भरले होते तिचे. पदराने पुसले आणि टेम्पोवाल्याला वर बोलावलं. मशीन जड. जिन्यावरून एक टोक मीच धरलं.

संध्याकाळी ५.
शेड कार्ड दारात नेऊन पाहिलं. हनी बेज नाही. त्या पानावरच नाही. शेवटच्या पानावर, राखाडीत.
पण फरक पडला, हे तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं की! ते तिच्या लक्षात आणून द्यायला मेहुणीला फोन लावला.
आंघोळीला गेलीय म्हणाली.