एका लुगड्याला मशीन नाचते

जळगाव,
१८ एप्रिल १९९५

तीर्थस्वरूप नानांस,

धाकटी बहीण सुगंधा हिचा वाकून नमस्कार. (हल्ली वाकलं की कंबर धरते, तेव्हा हा नमस्कार फुकटचा समजू नये.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का, की अजून त्या माठाशिवाय पाणी पीत नाहीत आणि दोष सोनगीरच्या वाऱ्याला देतात? इकडे ऊन असं आहे की दुपारी अंगणातल्या बादलीच्या कडीला हात लावता येत नाही. माझं ठीक आहे. मशीनचं ठीक नाही आणि तिच्यामुळे माझंही नाही, म्हणून पत्र लांबेल. वहिनींना वाचून दाखवताना मधलं गाळू नका.

कपडे धुण्याची ही मशीन यांनी दसऱ्याला आणली होती, ते तुम्हाला माहीत आहे. डाळमिलमधला माणूस, रोज अंगावर तुरीचा भुसा घेऊन यायचा, आणि धुऊन धुऊन माझी बोटं सुजायची. तेव्हा पैशांवरून मी भांडले होते. पण पौषापर्यंत आम्हा दोघांचे कपडे तिने गुमान धुतले. पौषात हे गेले. मशीनवर मी चादर टाकली ती वर्षभर काढली नाही. मग काढली, तर बाईच्या अंगात आलं. धुण्याच्या बाजूला शहाणी, पण पिळायच्या बाजूला लुगडं टाकलं की धडधड करत मोरीतून निघायची आणि चालत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी यायची. शेजारची बेबाबाई (अमळनेरकडची आहे, बोलणं अजून तिकडचंच) भिंतीवरून म्हणाली, "माय व, तिले बी दादानी याद येस." मी म्हटलं, यांची आठवण येऊ दे की, पण जागेवर उभं राहून येऊ दे.

खरं तर जागेवर मलाही राहवत नाही. दोघांचं धुणं दुपारपर्यंत पुरायचं. एकटीचं धुणं चहा निवायच्या आत होतं आणि पुढे अख्खा दिवस समोर उभा राहतो, पाहुण्यासारखा, बोलत काही नाही. मग मी डबे पुसते. पुसलेले परत पुसते. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचते. (वाचायला मी अशीच शिकले. त्यामुळे मला अर्ध्या गोष्टी पुष्कळ येतात, शेवट थोड्यांचे.) अशा बाईला बिघडलेली मशीन मिळणं म्हणजे लॉटरीच.

दुकानातला माणूस येऊन वरवर बघून गेला आणि आतलं सगळं बदलावं लागेल म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर यांची पान्यांची पेटी काढली. (प्लग आधी काढला. तेवढं कळतं मला.) पाणी आत घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी एक जाळी असते, ती गाळाने बुजली होती. जुन्या ब्रशने घासली, तर धार अशी आली की माझा पदर भिजला. मग तळातली चकती उघडली. वाटलं, यांच्या शर्टाचं एखादं बटण अडकलेलं निघेल. निघाली बेबाबाईच्या नातवाची गोटी. असो. चालणं मात्र थांबेना. एका पायाखाली पाचर मारली, तर ती तिरकी चालायला लागली. वर पाटा ठेवला, तर झाकणाला तडा गेला. शेवटी विचार केला की पाट्यापेक्षा मी मऊ आहे, आणि स्वतःच वर बसले.

नाना, ती थांबली नाही. मला घेऊन निघाली. वायर यांनी जोडून लांब करून ठेवलेली, त्यामुळे अडायचीही सोय नाही. आम्ही दोघी पुढच्या दारापर्यंत आलो आणि नेमकं तेव्हाच धुळ्याच्या गाडीने रतिलाल आला. त्याने दार उघडलं तर आई मशीनवर, डोक्यावर पदर, हातात पाना, खिडकीत बेबाबाईचं सगळं घर. "आई, उतर," म्हणाला. मी म्हटलं, "थांबली की उतरते." लेक माझा हसला असता तर बरं झालं असतं. त्याचे डोळे भरले. जेवला नाही नीट. ही मशीन भंगारात दे आणि धुळ्याला चल, असं म्हणाला. मी म्हटलं, बघू. (हे 'बघू' तुम्हाला माहीत आहे. आपल्या आईचं आहे, म्हणजे नाहीच.)

तो गेल्यावर मशीनबरोबर आलेलं हिंदी पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. त्यात स्वच्छ लिहिलंय की पिळताना एकच कपडा टाकू नये. तो एका बाजूला गोळा होतो आणि मशीन हलते. कपडे दोन्हीकडे सारखे भरावेत. म्हणजे बिघाड काही नव्हताच. यांचे शर्ट होते तोवर दोन्हीकडे भार सारखा होता. मी पुस्तक मिटलं आणि बेबाबाईला हाक मारली की तुझं धुणं आण.

तेव्हापासून मशीन देवासारखी उभी राहते. माणसंच हलायला लागली. बेबाबाईने स्वतःच्या धुण्यात सासऱ्यांचं, म्हणजे शालिग्राम आबांचं, धोतर घातलं. माझं लुगडं नवं, वांगी रंगाचं. धोतर जांभळट निघालं. मी हात जोडले, तर आबा म्हणाले, "नेसाले चालस, बाई," आणि तेच नेसून भुसावळला साखरपुड्याला गेले. तिथे कोणीतरी विचारलं, "आबा, दुसरा घरोबा ठरला का?" आबांनी ठरला म्हणून सांगितलं, आणि रंग कोणाच्या लुगड्याचा तेही! त्यांना गंमत, मला शिक्षा. बातमी धुळ्याला एसटीच्या आधी पोचली. रतिलालचं कार्ड आलं: आई, लोकांची धुणी धुतेस, लोक वाटेल ते बोलतात, आखाजीच्या आत टेम्पो घेऊन येतो, सामान बांधून ठेव.

मी बांधणार नाही. आखाजीच्या सणाला लेकी माहेरी येतात, झोक्यावर बसतात. मी काय या वयात टेम्पोत बसून घर सोडू? या भिंतींतले खिळे यांनी मारलेत. एकही सरळ नाही, पण कुठल्या खिळ्याला काय अडकवायचं ते मला अंधारात कळतं. धुळ्याला मला सगळं दिवा लावून शोधावं लागेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपली धाकटी बहीण,
सुगंधा

ता. क. रतिलालला तुम्ही समजवा. मामासमोर तो आवाज चढवत नाही. मी सांगितलं असं सांगू नका. तुम्हालाच आपोआप वाटलं असं सांगा.

ता. क. पाकीट चिकटवणार तोच कोपऱ्यावरच्या दुकानातून निरोप आला, धुळ्याहून फोन आहे. रतिलालच होता. पाडव्याला त्यांनीही मशीन घेतली म्हणे. (मला आजच कळलं.) ती फिरते पण घाण पाणी सोडत नाही. सूनबाईने दोन दिवस मोरीत डबक्यात उभं राहून काढले. आवाज खाली आणून विचारत होता, "आई, पाना घेऊन येतेस का?" टेम्पोचं नाव नाही. उद्याच्या पहिल्या गाडीने निघते. नळी वर बांधून ठेवली असणार, खाली सोडली की झालं. पण हे मी फोनवर सांगितलं नाही.

ता. क. समजवायचं राहू द्या, त्याऐवजी एवढं करा. शनिवारी दुपारी (तोवर पत्र पोचेल) धुळ्याच्या स्टँडवर या आणि मला हाताला धरून जळगावच्या गाडीत बसवा. रतिलालचं मला भय नाही. तो ओढेल तर मी हात सोडवून घेईन. पण नात तिसरं सरून चुरूचुरू बोलायला लागली आहे. फोनवर मागून तिचा आवाज येत होता, आजी कधी येणार, आजी कुठे झोपणार. ती एकदा राहा म्हणाली तर मी राहीन, नाना. म्हणून या. गुडघा दुखत असला तरी या.