श्रावणात गोळी कशाला

मंगळ. १५ जुलै
बीपीचं मशीन आलं. पप्पा १५२/९६. डॉ.नी सांगितलंय, मटण पंधरा दिवसांतून एकदा, तेपण दोन-तीन तुकडे. मीठ कमी. रोज सकाळी एक गोळी. आईने डायरेक्ट मटणच बंद केलं. पप्पा रिक्षा चालवतात, भर रस्त्यात चक्कर आली तर, हे तिचं टेन्शन. रात्री दुधी. पप्पा दुधीकडे असे बघत होते जसं हवालदाराने लायसन काढून घेतलंय.
मी बाजूच्या राजूचंपण बीपी घेतलं. बोललो, आठ दिवस आहेत तुझ्याकडे. येडा रडायलाच आलेला.

रवि. २० जुलै
गटारी. आई विरघळली. अर्धा किलो. पप्पांनी चार तुकडे हाणले, वर रस्सा.

सोम. २१ जुलै
१३८/८८. मटण खाऊन कमी?? झेपलं नाही.
पप्पांनापण नाही. विचारलं, असं कसं रे. मी बोललो, गोळी मटणाचीच आहे ना. मटण रक्तात चढतं, गोळी उतरवते. डॉ.च बोलले असं ठोकून दिलं. पप्पा हम्म बोलले. बाथरूममध्ये जाऊन हसलो.

शुक्र. २५ जुलै
श्रावण लागला. महिनाभर घरात अंडंपण नाही. आई खूश.

शनि. २ ऑग.
१४८/९४. परत घेतलं, १५०. सेल बदलले, तेच. मटण बंद आणि आकडा वर. राजूची आई बोलते, पापड-लोणच्यात मीठ किती असतं बघ. असेल. पप्पा पापड खातात पण. पण एवढं?

बुध. ६ ऑग.
१६४/१०२.
दुपारी विटाव्याजवळ पप्पा रिक्षा बाजूला घेऊन बसलेले, डोळ्यांपुढे अंधारी. पॅसेंजर बाईने पाणी पाजलं. घरी काही बोलले नाहीत. स्टँडवरच्या काकांकडून कळलं.

गुरु. ७ ऑग.
गोळ्यांची पट्टी बघितली. श्रावण लागल्यापासून एक गोळी कमी नाही.
विचारलं तर पप्पा एकदम शांत. "मटणच नाय, तर उतरवायचं काय? तूच बोललेलास ना."
बोललो ती मस्करी होती. पप्पा हसायला लागले. "मस्करी तर तू आता करतोयस. बाप आहे मी तुझा, ओळखतो."

शुक्र. ८ ऑग.
आईला सगळं सांगितलं. जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. मग पप्पांना समजवायला गेली. ते बोलले, तुलापण फसवतोय तो.
डॉ. गावाला, सोमवारी येणार. कंपाउंडरने त्यांना फोन करून विचारलं. गोळी आजच चालू करा, रोज एकच, राहिलेल्या एकदम घेऊ नका. श्रावण असो नाहीतर काय असो. घरी येऊन कंपाउंडरला फोन लावला, तेच स्पीकरवर पप्पांना ऐकवलं. पप्पा बोलले, हा राजूचा आवाज.
चूक माझीच. मागच्या वर्षी लाइट कापणार म्हणून राजूनेच आवाज बदलून फोन केलेला पप्पांना. मी बाजूला बसून.
मटण, मीठ, गोळी, कशाने काय होतं मला अजून नीट कळत नाही. पप्पांना काय समजवू.

शनि. ९ ऑग.
सकाळी १६६/१०४.
रिक्षाची चावी खिशात घातली आणि गोळी-पाणी घेऊन दारात उभा राहिलो. पप्पा चिडले नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मस्करी करताना जसं तोंड करतो तसंच झालं असणार. दुसरं आणू कुठून.
"पप्पा, आईशप्पथ."
"शप्पथ तर तू रोज घेतोस."
पण हात पुढे केला. गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले, चावी मागितली. दिली. बोललो, आ करा. पप्पांनी डोळा मारला आणि जिना उतरले.
गिळली की गालात ठेवली, काही कळलं नाही.