रेणुकाची जागा

लीड्स, १४ मार्च २०२६

ती. गीताआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

घरचा फोन बाबांच्या खिशात असतो, म्हणून हे पत्र फक्त तुझ्या नावाने. बालरोगतज्ज्ञ व्हायची जागा मला मिळाली नाही. यंदा इथे इंग्लंडात कायदा झाला: आधी इथल्या कॉलेजात शिकलेले, उरलं तर आमच्यासारखे. आइसलंडला शिकलेलाही आमच्या पुढे. तीन वर्षं इथल्या मुलांच्या वॉर्डात रात्रपाळ्या केल्या, तेव्हा माझं कॉलेज कुणी विचारलं नाही. शिवाय वॉर्डाच्या साहेबांनी गोड आवाजात सांगितलं होतं, की इथल्याच कॉलेजातल्या ऑलिव्हरची मुलाखतीची तयारी तूच करून घे. घेतली. त्याला जागा लागली. चॉकलेटचा डबा घेऊन आला होता बिचारा.

बाबांना सांगायची हिंमत होत नाही. पण नागेशच्या घरी कळव. त्याच्याशी लग्न ठरलंय, लपवायला नको.

तुझ्या मायेची भुकेली,
रेणुका

झरी, २९ मार्च

चि. रेणुकास,
अ. उ. आ.

आइसलंडात आपल्या जिल्ह्यापेक्षा लय कमी माणसं हायत म्हणे. तेवढ्यांच्या बी मागं तुला उभं केलं, मोठा न्याय केला.

निरोप मिळताच नागेशचे वडील त्याला घेऊन पालमहून आले. म्हणाले, पोरगी मोठी डॉक्टर होणार म्हणून आमी हो म्हणलो, आता बघू. नागेश बाजूला बसून मोबाइल बघायलाय, मान वर न्हाई. मी गॅसवरचा चहा उतरवला आन् म्हणलं, "आमच्या पोरीला शिकायला जागा पाहिजे होती. तुमच्या घरात बसायला न्हाई." उठून गेले.

तुझ्या बाबानं सगळं ऐकलं. संध्याकाळी म्हणाला, तिला फोन कर म्हणावं. तू जेवण नीट करत जा. जीव हाय तुझ्यावर, आणखी काय लिहू.

तुझी आत्या

लीड्स, १९ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वॉर्डात वाचलं आणि हसले. नंतर रडलेही. साहेबांनी बोलावून सांगितलं, की याच जागेवर आणखी दोन वर्षं राहा. म्हणजे शिकायला नाही, राबायला. नाही म्हटलं, तर विचारतात, मग ऑगस्टपासून रात्रपाळ्या कोण करणार? मी म्हटलं, "ज्यांचा नंबर आधी, त्यांना विचारा." आणि राजीनामा दिला. वाईट एवढंच वाटतं, की वॉर्डातलं एक पोर माझ्याशिवाय कुणाला सुई टोचू देत नाही.

जुलैत येते. तज्ज्ञ व्हायची आपल्याकडची प्रवेशपरीक्षा देईन. जागा मिळेलच असं नाही. बाबांना फोनवर हे सांगितलं, तर एवढंच म्हणाले, पुस्तकांचं ओझं तिकडून आणू नकोस, परभणीत मिळतात.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी रेणुका